पिल्लाचा पट्टा

सबीनाचा बाप कसा माणूस होता ते सांगायचं तर माझ्या पेटीपासून सुरुवात करायला हवी. पण पेटीचं नाव काढलं की अजून माझं डोकं तापतं, म्हणून आधी गिटारीचं सांगते.

सबीनाचा बाप म्हणजे माझा नवरा, सिल्वेस्टर. कोलशेतला खाडीच्या अंगाला आमची भातशेती, बांधावर थोडे ताड, आणि रविवारी ठाण्याच्या देवळात, म्हणजे चर्चात, मिस्साला जायचं, एवढंच त्याचं जग. माणूस ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. जेवण बिघडलं तरी बोलायचा नाही आणि झकास झालं तरी बोलायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ह्याला कशाचं काही वाटतच नाही. पुढे त्याच्या भावानं ती गिटार आणली, आणि मग कळलं ह्याला किती वाटतं ते.

त्याचा थोरला भाऊ पर्सी बोटीवर भटारी, म्हणजे स्वयंपाकी होता. एका खेपेला कुठल्याशा पोर्तुगीज बेटावरच्या खलाशाकडून त्यानं एक चिमुकली गिटार आणली. चार तारा आणि हातभर लांबी. गाव बघायला लोटलं. आमचा शेजारी धाकू, मिठागरात काम करणारा, तोंडाचा फाटका, तो म्हणाला, गिटारीला पिल्लू झालंय. झालं, तेच नाव पडलं. मलाही पर्सीनं एक लहानशी लाकडी पेटी आणली होती, फणी नि करंडा ठेवायला. दोन्हींना एकसारखी चकाकी, तोंड दिसेल अशी. पर्सीनं बजावून सांगितलं की ही चकाकी लाखेची असते, कांद्याच्या सालीइतकी पातळ. ऊन, घाम, नख, काही म्हणजे काही तिला चालत नाही, तेव्हा जपा.

आणि पुढच्याच खेपेला पर्सी तापानं बोटीवरच वारला. समुद्रातच सोडला त्याला. मेणबत्ती लावायला कबरसुद्धा नाही. सबीनाचा बाप रडला नाही, पण त्या दिवसापासून पिल्लू म्हणजे पर्सी झालं. सदऱ्याची बटणं काढून, हात धुऊन पुसून, ओट्यावर मांडी घालून बसायचा आणि मगच ते वाजवायचा. वाजवायचा मात्र असा की धाकू मिठागरावरून घरी जाता जाता थांबायचा आणि त्याची बायको त्याला हाका मारून दमायची. वाजवून झालं की पिल्लू मऊ फलालिनीत गुंडाळून आढ्याला टांगलेल्या टोपलीत. माझ्या पोराबाळांना इतकं कुणी जपलं नाही. पोरंबाळं कसली म्हणा, एकच सबीना.

आता आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायची रीत आहे. सगळं गोत वाजतगाजत विहिरीवर जातं, आणलेल्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. वाजवणारे पुढे, चालत. व्हायोलिनवाला ते हनुवटीखाली धरतो, घुमटवाल्याचं मडक्याचं घुमट गळ्यात असतं, पण पिल्लू धरायचं कसं? एकदा सबीनाच्या बापानं कोपरानं अंगाशी दाबून चालत वाजवलं होतं आणि बांधावर पाय घसरला. पिल्लू वाचलं, ह्याचं गुडघ्याचं हाड दिसायला लागलं. तेव्हापासून चालत वाजवायचं नाही म्हणजे नाही. लोक बोलावून थकले.

सबीनाचं लग्न ठरलं, मुलगा कल्याणला रेल्वेत कामाला. घरात पहिला वाद झाला तो ह्याच्यावरून. पोरीनं ना दागिना मागितला ना लुगडं. तिनं एवढंच सांगितलं की माझ्या पाण्याला पुढे चालत बाबानं पिल्लू वाजवायचं. दुसरं कुणी पुढे असेल तर मी मांडवातून हलणार नाही. बापावर गेलेली, बोलते कमी पण बोलली की खुंटा ठोकला. सबीनाचा बाप म्हणाला, बघू. आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. पोरीला नाही म्हणवत नव्हतं, आणि पर्सीच्या वस्तूवर ओरखडा पडला असता तर हा माणूस जेवला नसता.

पट्टा हवा होता. गळ्यात अडकवायला पट्टा, पण चकाकीला न दुखवणारा.

पहिल्यांदा गेला ठाण्याच्या बाजारात आनंदा जिनगराकडे. आनंदा घोड्यांची खोगिरं करायचा, हाताला कसब होतं. त्यानं तेल पाजून लोण्यासारखा मऊ केलेला चामड्याचा पट्टा दिला, पितळी बक्कल लावून. म्हणाला, असा पट्टा साहेबाच्या घोड्यालाही मिळत नाही. आता कुणीही काय केलं असतं? पट्टा गिटारीला लावला असता. पण आमचा सिल्वेस्टर शहाणा ना! पिल्लावर लावून बघायला त्याचा जीव होईना. त्यानं काय केलं, माझी पेटी घेतली. चकाकी तीच, कारागीर तोच असेल, म्हणून मला न विचारता पट्टा पेटीला आवळून बांधला आणि पेटी दुपारभर अंगणात उन्हात ठेवली. संध्याकाळी पट्टा सोडवला तर चामड्याच्या तेलानं लाख चिकट झालेली, मधे काळा डाग, आणि बक्कल फिरलं तिथं कोरल्यासारखी रेघ. मी जे तोंड सोडलं ते धाकूच्या घरापर्यंत ऐकू गेलं. सबीनाचा बाप खुशीत होता. म्हणाला, बरं झालं, पिल्लावर नाही लावला.

मग धाकूनं आपल्या बैलाच्या गळ्यातला सुती पट्टा आणून दिला, कवड्या लावलेला. कवड्यांनी पेटीचं झाकण खरवडलं. मग लाल कापडाचा झाला. तो घालून हा दिवसभर शेतात राबला, घामानं भिजवला, आणि आणून बांधला माझ्या पेटीला. सकाळी पेटी गुलाबी. भिवंडीहून रेशमाची फीत आणली. ती कशालाच लागली नाही, पण इतकी गुळगुळीत की खांद्यावरून पेटी सुटली आणि कोपरा उडाला. होय, पेटी खांद्याला अडकवून हा माणूस अंगणात फेऱ्या मारत होता. धाकू कुंपणावरून विचारायचा, ही पेटी वाजवायची कशी ते मला शिकव. मी दोघांनाही बोलले. पर्सीनं मला आणलेली एकुलती एक वस्तू होती ती, आणि भाऊ गेला तो फक्त ह्याचाच होता काय? माझाही दीर होता. मला थोरल्या भावासारखा.

त्या दिवशी मी खरीच रागावले. ओट्यावर बसून पेटी पुसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सबीनाचा बाप समोर उभा. मला वाटलं माफी मागेल. तर तो म्हणतो, ते फडकं कसलं आहे?

फडकं होतं सबीनाच्या झोळीचं. माझ्याच जुन्या लुगड्याची झोळी तुळईला बांधून मी तिला त्यात निजवायची. धुऊन धुऊन रंग गेला, खळ गेली, पण पोरीचं वजन उचलून उचलून सूत काही विरलं नव्हतं. मी कैक दिवस त्याच फडक्यानं पेटी पुसत होते आणि त्याची खूण कुठं उठली नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्या आलं. एवढं मात्र मानलं पाहिजे.

झोळीचा बाकीचा कपडा माळ्यावर होता. तो त्यानं उभा फाडला, मी चौपदरी दुमडून टाके घातले. बक्कल नाही, खिळा नाही. पट्टा गळ्यात घालायचा, पिल्लाच्या पोटाखालून पुढं घ्यायचा आणि टोकाला शिवलेली काडी तारांखालच्या गोल भोकात आडवी अडकवायची. पेटीवर पारख झाली, घामाची झाली, उन्हाची झाली. डाग नाही. मग एका सकाळी त्यानं पिल्लू गळ्यात घातलं आणि दोन्ही हात सोडून उभा राहिला. पिल्लू त्याच्या छातीशी गप्प लोंबत राहिलं. सबीना दारातून बघत होती, हसत होती, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पेटीचं दुःख घटकाभर विसरले.

पाण्याचा दिवस आला. सबीनाच्या बापानं निघण्याआधी सगळ्यांना तंबी दिली. पिल्लाजवळ येताना अंगठ्या काढा, काकणं सांभाळा, उन्हात थांबायचं नाही. लोक हसले, पण ऐकलं. दिवस कलल्यावर निघालो. पुढे हा, मागे व्हायोलिन आणि घुमट, मग डोक्यावर घागर घेऊन सबीनाची गॉडमदर सुझाना, आणि आमच्याकडं नवरीही जाते, म्हणून सबीना बापाच्या पाठीशी. आणि काय वाजवलं हो त्यानं! आयुष्यभर ओट्यावर कोंडलेलं सगळं त्या बांधावर बाहेर आलं. मिठागरातली माणसं काम टाकून उभी राहिली. धाकू तर नाचायलाच लागला.

सगळ्या गोष्टींची काळजी घेतली होती. चामडं, पितळ, रंग, घाम. एकाच गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता, आणि ती आमच्या रीतीतच होती. विहिरीवर पाणी भरायच्या आधी विहिरीला दारूचा मान देतात, मग वाजवणाऱ्याला घोट देतात. सुझानानं मोहाची, पहिल्या धारेची बाटली विहिरीत थोडी ओतली आणि वाजवणाऱ्याला द्यायला वळली. मागून गर्दी रेटली. बाटली कलंडली ती थेट पिल्लाच्या पोटावर.

लाखेला दारू म्हणजे काय ते आम्हाला तेव्हा कळलं. चकाकी तिथल्या तिथं मेणासारखी मऊ झाली. कुणाला काही सुचायच्या आत सबीना पुढं झाली आणि तिनं तळव्यानं दारू पुसली. पुसली कसली, हात दाबला गेला. हात काढला तेव्हा पिल्लाच्या पोटावर तिची बोटं उमटली होती, स्पष्ट, जशीच्या तशी.

वाजंत्री थांबली. पोरीचं तोंड पांढरं पडलं. म्हणाली, "बाबा, मी काय केलं हे?"

तो पिल्लाकडं बघत राहिला. मग त्यानं तिच्या हाताला लागलेली लाख आपल्या सदऱ्याला पुसली आणि म्हणाला, "पाणी भरा. पोरीला न्हाऊ घालायचंय."

आणि वाजवत वाजवत घरी आला.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं, सबीना कल्याणला गेली. घर खायला उठलं. थोड्या दिवसांनी नौपाड्याकडच्या एका पॉलिशवाल्यानं निरोप धाडला की पिल्लू आणा, पॉलिशच्या एका हातात पुन्हा नवं करतो. सबीनाचा बाप फलालिनीत गुंडाळून घेऊन गेला. मी म्हटलं, चला, एक काळजी मिटली. संध्याकाळी परत आला. फलालीन सोडली तर बोटं तिथंच.

मी विचारलं, का नाही केलं? त्यानं फलालीन पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, "त्यानं चिंधी भिजवून हातात घेतली, आणि मला बघवेना. तिथं पोरगी आहे."

मी चुलीकडं जाऊन उगीच जाळ सारला.

पुढं गावातल्या प्रत्येक लग्नाचं पाणी तोच वाजवत काढायला लागला. कुणी बोलवायचा अवकाश, हा पट्टा गळ्यात घालून तयार. पण एका सकाळी बघते तर ओट्यावर बसलाय, पिल्लू मांडीवर, कपाळाला आठ्या. मी जवळ गेले. त्यानं दाखवलं. चालताना झोळीचा पट्टा पोटाखालून वर यायचा तो नेमका सबीनाच्या करंगळीवर. कपडा मऊ, ओरखडा नव्हता, पण घासून घासून करंगळीची खूण पुसट व्हायला लागली होती.

आता दुसरा पट्टा हवा होता. चकाकीसाठी नाही, पोरीच्या बोटांसाठी. तो काही मागणार नव्हता, मागायचं तोंडच नव्हतं त्याला. नुसता बसून राहिला होता.

मी आत गेले, फणी नि करंडा बाहेर काढून ठेवला, आणि पेटी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.