भावोजींच्या घरी देव आले

आपला धंदा मंडप डेकोरेशनचा. मांजर्लीत कुणालाही विचारा, हरेश मंडपवाला कुठे राहतो, लहान पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. आणि या हरेशच्या सख्ख्या बहिणीचं लग्न बिनमंडपाचं झालं. हळद नाही, डीजे नाही, बँड नाही. कल्याणच्या रजिस्टर ऑफिसात सह्या ठोकल्या, बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, झालं लग्न. आगरी माणसाच्या घरात हळद नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. लोक वर्षभर मला कोपऱ्यात घेऊन विचारत होते, काय रे हरेश, नेत्रा पळून गेली काय?

हा सगळा पराक्रम आमच्या भावोजींचा. अभिजीत त्यांचं नाव. मूळचे साताऱ्याकडचे, अंबरनाथ एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत केमिस्ट. माणूस निर्व्यसनी, कामाला चोख, नेत्राशी कधी वरच्या पट्टीत बोलले नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू. पण देवाचं नाव काढलं की संपलं. बाकीच्यांच्या अंगात देवी येते, यांच्या अंगात विज्ञान यायचं. दर रविवारी सकाळी दहाला बदलापूर वेस्टला त्यांचा ‘विवेक कट्टा’ भरायचा. माणसं आठ, त्यातल्या दोघांना नीट ऐकू येत नाही. तिथे भावोजी नारळातून आग काढून दाखवायचे आणि बुवा लोक कसे फसवतात ते सांगायचे. कट्ट्यावर आलेल्या आठांतला एकही जण बुवाकडे जाणारा नव्हता, ही गोष्ट वेगळी.

शिरगावात फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीऐवजी त्यांनी आमच्या अख्ख्या गोतावळ्याला सतरंजीवर बसवून सूर्यमालेवर भाषण ठोकलं. माझी आई पुतळाबाई शेवटपर्यंत शांत बसली. शनीचं नाव आल्यावर तिने सवयीने हात जोडले, तर तिलाही समजावलं, सासूबाई, तो नुसता वायूचा गोळा आहे. नंतर सगळ्यांना मिसळ दिली. मिसळ चांगली होती.

पण ओवीला त्यांनी जसं वाढवलं, ते मात्र मानलं. माझी भाची. तिला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. कुणी काही सांगितलं की “कशावरून?” विचारायचं, आणि काय वाटेल ते झालं तरी खोटं बोलायचं नाही. एकदा माझ्या गोडाऊनमध्ये खेळताना तिच्या हातून झुंबर फुटलं. बघायला कुणी नव्हतं. मी कामगारांवर ओरडत होतो, तर ही पाच वर्षांची पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मामा, मी फोडलं, त्यांना नको ओरडू. मला तेव्हा भावोजींबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. म्हटलं, बिनदेवाची का होईना, पोर खरी निघाली. आमच्याकडे चार-चार देव घरात असून पोरं तोंडावर खोटं बोलतात.

मग आली पहिलीची अॅडमिशन. इथेच सगळी गाडी अडकली.

भावोजींनी लॅपटॉपवर तक्ता केला. शाळा खाली, गुण बाजूला. पहिली उडाली नगरपालिकेची शाळा. दर सव्वीस जानेवारीला कट्ट्यावर हेच गृहस्थ भाषण करायचे, की शिकलेल्या लोकांनी आपली मुलं सरकारी शाळेत घातल्याशिवाय देश सुधारणार नाही. तक्त्यात मात्र त्या शाळेपुढे ‘संडास’ एवढा एकच शब्द लिहून लाल रंग दिला. अंबरनाथचं कॉन्व्हेंट उडालं, कारण तिथे देव होता. नेत्रा म्हणाली, तो दुसऱ्यांचा देव आहे, आपल्याला काय फरक पडतो, तर म्हणे तत्त्वाचा प्रश्न आहे. तिसरी शाळा होती एका बिल्डरची. तिथे देव नव्हता. शिक्षकही नव्हते, वर्षात तीन बाई बदलल्या. व्हॅनला जायला-यायला दीड तास.

राहिली ‘निरामय विद्यामंदिर’. बिल्डिंगपासून चालत पाच मिनिटं. वर्गात तीसच मुलं, बाई टिकलेल्या, लॅब अशी की भावोजी स्वतः बघून आले आणि दोन दिवस तिच्याबद्दलच बोलत राहिले. फक्त शाळा निरामय महाराजांच्या ट्रस्टची. सकाळी चाळीस मिनिटं प्रार्थना, प्रत्येक वर्गात महाराजांचा फोटो, गुरुवारी उपासना. आणि प्रवेश भक्तांच्या मुलांनाच. फॉर्मवर लिहून द्यायचं, की आमच्या घरी नित्यपूजा होते. सोबत देवघराचा फोटो जोडायचा.

दोन महिने घरात तोच विषय. मी चहाला गेलो की मला मध्ये घ्यायचे. भावोजी म्हणायचे, मुलीला खोटेपणात ढकलू का? परत स्वतःच म्हणायचे, पण लॅब काय आहे रे. शेवटी नेत्राने निकाल लावला. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मला शाळा पाहिजे, देव नको. पण शाळेबरोबर देव येतच असेल तर येऊ दे. कोपऱ्यात बसेल बिचारा, काही खायला मागणार नाही.”

भावोजींना तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची भाषा बदलली. आत शिरल्याशिवाय आतून बदल घडवता येत नाही, असं काहीतरी चालू झालं. शिकलेल्या माणसाला माती खायची असली की तो आधी तिला चांगलं नाव देतो. आम्ही अडाणी बरे, सरळ खातो.

आणि एका दुपारी हा माणूस माझ्या गोडाऊनमध्ये आला. ज्या माणसाने माझ्या धंद्याला पंधरा वेळा ‘अंधश्रद्धेचं डेकोरेशन’ म्हटलं होतं, तो माझ्या मखरांच्या मधोमध उभा राहून इकडेतिकडे बघत होता. म्हणाला, हरेश, एक देवघर पाहिजे. फार नवं नको, वापरलेलं वाटलं पाहिजे. मला हसू असं आलं की पोट धरून बसलो. मग सागवानी देवघर काढून दिलं, समया दिल्या, घंटा दिली. देव कुठून आणायचे? भावोजी म्हणाले, सासूबाईंचे दोन दिवस मिळतील का? मी आईला विचारलं, तर ती खवळली. आमचे देवांचे टाक न्यायला ती काय कढई आहे, शेजारणीने मागितली आणि दिली, म्हणाली. वर मला निरोप दिला, “जावयाला सांग, देव नको तं नको, माजा काय म्हनना नाय. पन पोरीला खोटा शिकवू नको.” मी तो निरोप पोचवला नाही. माझी चूक. शेवटी दुकानातनं पितळी देव आणले आणि चकाकी जावी म्हणून भावोजींनी कंपनीच्या लॅबमधलं काहीतरी लावून ते एका दिवसात पन्नास वर्षांचे केले. रंगाचा केमिस्ट उगाच नाही.

फोटो गेला, तर वरून फोन आला. रविवारी सकाळी दहाला गृहभेट. दोन सेवेकरी घर बघायला येणार. भावोजींनी कट्ट्यावर कळवलं, जुलाब लागलेत.

त्याआधी आठवडाभर ओवीची शिकवणी घेतली. सकाळी कोण पूजा करतं? बाबा. घंटा कोण वाजवतं? मी. ओवीने तिच्या सवयीने विचारलं, पण आपण तर करत नाही, मग खोटं का बोलायचं? तर भावोजींनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, हे खोटं नाही, हे नाटक आहे, नाहीतर तुझी अॅडमिशन जाईल. मी तिथेच बसलो होतो, देवघराची डगमगती फळी ठोकत. मला तेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं. मी आणखी एक खिळा ठोकला.

रविवारी आले दोघं. मिलिंददादा म्हणून रिटायर्ड बँकवाले आणि सोबत बनूबाई. मला नेत्राचा भाऊ म्हणून मुद्दाम बसवलं होतं, कारण मी एकटाच कपाळाला गंध लावणारा. मिलिंददादा देवघरासमोर बसले, डोळे मिटले आणि स्तोत्र म्हणायला लागले. मध्येच दोन ओळी गाळल्या. आता गप्प बसायचं की नाही? पण भावोजींनी उभी हयात या लोकांशी वाद घालायला सगळी स्तोत्रं पाठ केलेली. चूक दिसली की त्यांना राहवतच नाही. फटकन मध्ये बोलले, दादा, दोन ओळी राहिल्या. आणि स्वतः म्हणून दाखवल्या, पुढचं स्तोत्रही पुरं केलं, वर कुठल्या शब्दाचा उच्चार लोक कसा चुकवतात तेही समजावलं. नेत्रा डोक्याला हात लावून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, गेली अॅडमिशन. बघतो तर मिलिंददादांच्या डोळ्यांत पाणी.

मग बनूबाईंनी ओवीला जवळ घेतलं आणि विचारलं, बाळ, तुला बाप्पा आवडतो का? ओवीने बापाकडे बघितलं. मग म्हणाली, हो, मी घंटा वाजवते, आणि रात्री बाप्पा माझ्याशी बोलतो. हे शिकवलेलं नव्हतं, पोरीने स्वतःच्या पदरचं घातलं. बनूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पाहुणे गेल्यावर भावोजी खूप हसले. ओवीला उचलून गरगर फिरवलं, मोठं चॉकलेट दिलं. म्हणाले, काय अॅक्टिंग केलीस गं.

अॅडमिशन झाली. नुसती झाली नाही, असा विद्वान भक्त शिरगावात दुसरा नाही म्हणून भावोजींना पालकप्रमुख केलं. आता माझं देवघर कुठलं परत येतंय? दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये उपासना. चाळीस माणसं, पुढे पांढऱ्या झब्ब्यात आमचे भावोजी. कट्ट्याला काय सांगितलं विचाराल, तर अभ्यास चालू आहे म्हणाले. कट्टेवाल्यांनी मान डोलावली. दोघांना तर ऐकूच आलं नाही.

हे चाललं होतं, मी मजा बघत होतो. चारचौघांत सांगून हसवतही होतो. मग जानेवारीत ते झालं.

पहिलीच्या वर्गातल्या महाराजांच्या फोटोला कुणीतरी काळ्या मार्करने मिशा काढल्या. शाळेत हलकल्लोळ. बाईंनी विचारलं, कुणी केलं? ओवी उभी राहिली आणि म्हणाली, उन्नतीने, मी बघितलं. उन्नती म्हणजे तिच्या बाकावरची पोर, नाथा रिक्षावाल्याची मुलगी. नाथा महाराजांचा खरा भक्त, रिक्षात पुढे फोटो, पायात चप्पल न घालता गुरुवार करणारा. उन्नती नाही नाही म्हणून रडली, पण पालकप्रमुखाची मुलगी सांगते म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार. नाथाला निरोप गेला, मुलीचा दाखला घेऊन जा. शेवटचा शब्द पालकप्रमुखांचा राहील, असं ठरलं.

त्या संध्याकाळी मी उपासनेच्या सतरंज्या पोचवायला गेलो होतो. भावोजी सोफ्यावर, समोर ओवी. पोरीच्या उजव्या हाताच्या नखात काळं होतं. ते मलाही दिसलं, त्यांनाही दिसलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, “ओवी, उन्नतीला तू खरंच बघितलंस? खरं सांग.”

ओवीने जरा विचार केला. घाबरली नव्हती हो. समजून घ्यायला विचारतात तसं तिने विचारलं, “बाबा, घरातलं खरं सांगू की शाळेतलं?”

नेत्रा दारात उभी होती. भावोजी हळूच म्हणाले, घरातलं. तर ओवी म्हणाली, घरातलं म्हणजे मी काढल्या मिशा. पण शाळेत उन्नतीने काढल्या, नाहीतर माझी अॅडमिशन जाईल ना.

नेत्रा म्हणाली, उद्या जाऊन सांगून टाक, जे व्हायचं ते होऊ दे. भावोजी हो म्हणाले. मीही म्हटलं, भावोजी, मी येतो सोबत. माझं शाळेत स्टेजचं काम होतंच. खरं सांगतो, त्या घडीला मला त्यांचा राग नव्हता. उलट वाटलं, आता आमचा जुना माणूस परत मिळणार.

सकाळी ऑफिसात ट्रस्टी बसलेले. नाथा हात जोडून उभा, बाजूला उन्नती, तिचे डोळे सुजलेले. मी दाराशी. भावोजींचा हात ओवीच्या खांद्यावर. ते उठले, घसा खाकरला. आणि बोलायला लागले की लहान मूल हे मातीचा गोळा असतं. चूक कुणाकडूनही होते. क्षमा हाच धर्म आहे, असं महाराजही सांगतात. तेव्हा उन्नतीने फोटोसमोर माफी मागावी आणि तिला एक संधी द्यावी, अशी माझी नम्र शिफारस आहे.

ट्रस्टींनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, माणूस मोठ्या मनाचा आहे. उन्नतीने भिंतीकडे तोंड करून, न केलेल्या गोष्टीची, हुंदके देत माफी मागितली. नाथा पुढे आला आणि खाली वाकून भावोजींच्या पायाला हात लावला. म्हणाला, साहेब, तुमच्यामुळे माझ्या पोरीची शाळा वाचली.

भावोजींनी पाय मागे घेतले नाहीत. ओवी त्यांच्या बाजूलाच उभी होती आणि नीट लक्ष देऊन सगळं बघत होती.