कुलूपची वही

आमच्या गोदामाच्या मॅनेजरला सगळे 'कुलूप' म्हणत. तोंडावर म्हणणारा मी, खरेदी विभागाचा मॅनेजर, एकटाच. सत्तावीस वर्षं एकाच कंपनीत काढल्यावर तेवढा हक्क मिळतो. संध्याकाळी गोदामाला कुलूप लावलं की तो ते ओढून पाही, चार पावलं जाई आणि परत येऊन पुन्हा ओढून पाही. "आंघोळीला जाताना पाकीट साबणाच्या डबीशेजारी ठेवतात," त्याची बायको एकदा माझ्यासमोरच म्हणाली होती. "चोरणार कोण, भाऊजी? घरात मी एकटी!"

या संशयी स्वभावाला कारण होतं. आधीच्या नोकरीत त्यानं मालकाच्या पुतण्याला जीव ओतून काम शिकवलं. पुतण्या शिकला, आणि चौथ्या महिन्यात याच्या हातात निरोपाचं पत्र आलं. गरज सरो, वैद्य मरो. तेव्हापासून त्यानं कोणालाच काही पुरतं शिकवलं नाही. कामातलं जे जे कळे, ते एका जाड वहीत लिही. वही कपाटात, कपाटाची किल्ली खिशात आणि खिशावर हात.

गेल्या वर्षी कंपनीनं सगळ्या मॅनेजरांसाठी प्रशिक्षण ठेवलं. मालाच्या नोंदी आता संगणकावर जाणार होत्या, कामाच्या पद्धती बदलणार होत्या, तेव्हा लहानथोर सगळ्यांनी नव्यानं शिकायचं होतं. सभेच्या खोलीच्या दारातच गळ्यात फिती घातल्या. नव्यानं मॅनेजर झालेल्यांना नि साहाय्यकांना हिरवी, मधल्यांना पिवळी आणि निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना तपकिरी.

"बघितलंस?" कुलूप माझ्या कानाशी लागला. "पिकली पानं वेगळी काढली."

"अरे, रंग आहे नुसता."

"मग निळी का नाही दिली? निळी संपली होती?"

मला अकरा महिनेच उरले होते, त्यामुळे माझं पान आज गळलं काय नि उद्या गळलं काय. त्याला मात्र अडीच वर्षं होती आणि ती त्याला त्याच खुर्चीत काढायची होती. "एकदा हातात पत्र घेऊन घरी गेलोय," तो म्हणाला, "दुसऱ्यांदा ते तोंड घेऊन नाही जाणार."

शिकवायला आलेल्या मॅडम हसऱ्या होत्या. कुलूपला तेही खटकलं. त्यांनी आम्हा तपकिरी मंडळींना काम दिलं: कुठल्याच नियमपुस्तकात नसलेल्या, पण तुम्हाला माहीत असलेल्या वीस गोष्टी लिहा. शिवाय प्रत्येकाला हिरव्या फितीचा एक जोडीदार दिला. कुलूपच्या वाट्याला त्याचीच साहाय्यक आली. सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, हुशार, आणि दर वाक्यामागे "का?" विचारणारी.

"काका, ही पिंपं खिडकीपाशी का नाही ठेवायची?"

"कारण तिथं खिडकी आहे."

दुपारी त्यानं मला यादी दाखवली. शटर डावीकडून उचलावे. पंख्याचे बटण दारामागे आहे. पावती फाडताना पट्टी लावावी. अशा वीस.

"अरे, हे तर शिपायालासुद्धा ठाऊक आहे!"

"म्हणूनच दिलं."

"आणि वहीतलं?"

"त्यांनी वीस गोष्टी मागितल्या. वही नाही मागितली." आणि जरा थांबून म्हणाला, "एकदा रस काढून घेतला की चिपाड कोणी सांभाळतं का?"

मी यादी त्याला परत दिली. तेव्हा बोलायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात अदलाबदलीचा दिवस होता. हिरव्यांनी विभाग चालवायचा आणि आम्ही वरच्या काचेच्या खोलीत बसून बघायचं. खाली जायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. फोन दारातल्या टोपलीत. कुलूपनं टोपली वाकून बघितली, तळाला काही आहे का म्हणून.

अकराच्या सुमाराला रसायनाच्या भरलेल्या पिंपांचा ट्रक आला. त्या दिवशीची मॅनेजर म्हणून त्या मुलीनं कुलूपची यादी पाहिली, संगणकावर रिकामी जागा पाहिली आणि फोर्कलिफ्टवाल्या मामांना चौथ्या रॅकचा वरचा कप्पा दाखवला. माझ्या शेजारी कुलूप एकदम ताठ झाला.

"काय झालं?"

"त्या कप्प्याची आडवी पट्टी वाकलीये. आठ वर्षांपूर्वी धक्का बसला होता. दोनदा लेखी कळवलं, दुरुस्त कोणी केली नाही. मी तिथं फक्त रिकामी खोकी ठेवतो."

"मग यादीत?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. मामा तर रजेवरच्या माणसाच्या जागी महिन्यापूर्वीच आले होते. त्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. खाली पिंपं वर चढू लागली होती.

"हा डाव असेल," कुलूप पुटपुटला. "मला खाली उतरवायचं आणि नियम मोडला म्हणून लिहून ठेवायचं." त्याचे हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होते. "माहीत असणार त्यांना. मुद्दाम तोच कप्पा..."

एवढं म्हणत असतानाच तो उठला. मॅडम "अहो!" म्हणेपर्यंत जिन्यावर होता. गुडघेदुखीचा माणूस, दोन दोन पायऱ्या टाकत गेला. "मामा, थांबा! खाली घ्या! खाली!" हा आवाज मी त्याच्या तोंडून सत्तावीस वर्षांत ऐकला नव्हता.

पिंपं कप्प्याला टेकण्याआधीच थांबली. मुलीनं पट्टीचं कारण ऐकलं, हातातली यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

"यात नाहीये, काका."

विसरलो म्हणाला असता तर सुटला असता. आम्ही सगळे जिन्यात उभे होतो.

"मुद्दामच नाही लिहिलं," तो म्हणाला.

मुलीचा चेहरा लाल झाला. "मी खाली उभी होते. माझ्यावर राग आहे ना? असू दे. पण मामांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मामाच पुढे होऊन म्हणाले, "जाऊ द्या ताई, माझं डोकं तसंही रिकामंच आहे." कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वही तिच्या टेबलावर ठेवली. "सगळं यात आहे. फोटो काढायचे नाहीत. हातानं उतरवून घ्यायचं."

"का?"

"हातानं लिहिलं की डोक्यात जातं."

मला जेवताना खरं सांगितलं. "दोनशे बारा पानं आहेत. दोन महिने तरी कोणी हलवणार नाही मला."

आणि त्याचा संशय अगदीच खोटा नव्हता. आठवड्याभरात मोठ्या साहेबांचा हुकूम आला: गोदाम त्या साहाय्यक मुलीकडे; जुन्या मॅनेजरांनी वहीतलं सगळं सोपवून होईपर्यंत त्याच खोलीत बसावं, मग त्यांना मोकळं करावं. कुलूपनं तो कागद माझ्यापुढे सरकवला. "म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस." दुसरं काय बोलणार?

मुलीनंही तो हुकूम वाचला होता. संगणकावर तिची बोटं पत्र्यावर गारा पडाव्यात तशी चालतात, मी पाहिलंय. पण वही समोर घेतली की ती पेनाचं टोपण सावकाश काढते, समास आखते, दिवसाला आठ-दहा ओळी लिहिते आणि मग विचारते, "काका, हे असंच का?" तोही आता कारण सांगतो, कधी कधी रॅकपाशी नेऊन दाखवतो. चौथ्या रॅकची पट्टी तिनं पंधरा दिवसांत बदलून घेतली.

मी निवृत्त झालो त्या दिवशी संध्याकाळी भेटायला गेलो, तेव्हा ती एकोणऐंशीव्या पानावर होती. गोदाम बंद करून कुलूप मला फाटकापर्यंत सोडायला आला. मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एवढी हुशार पोरगी, इतकी सावकाश का लिहिते रे?"

"तुला काय वाटतं?"

"काहीतरी डाव आहे," तो म्हणाला आणि गोदामाचं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघायला परत गेला.