सासऱ्यांची खरं बोलायची हौस

माझ्या सासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस साऱ्या पनवेलात नव्हता, आणि माणसं दुखावून पुन्हा त्यांच्याचकडे हक्काने जेवायला जाणाराही दुसरा नव्हता. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ते आमच्या ख्रिस्ती मंडळीत वडील होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल मान. तो मान ते पाळकांनाच, ‘आजच्या उपदेशात दोनदा डोळा लागला,’ हे सांगायला वापरत. सोयरीक जुळवायला गेले की मुलाचा तापट स्वभाव आधी सांगून टाकत. माझ्या वेळी तर स्वतःच्या मुलीचाही सांगितला.

नाताळच्या प्रीतिभोजनाला सुकापूरच्या बांधकामांवर राबणारी कातकरी कुटुंबंही येत. बाप्तिस्मा त्यांचाही झालेला आणि आमचाही, पण ती बसत वेगळ्या पंगतीत. कुणी बसवलं, कधीपासून, कुणालाच ठाऊक नव्हतं. एका नाताळात सासऱ्यांनी जाहीर केलं की आज प्रत्येकाने मनातलं बोलायचं, जातपातीसकट, आणि मगच जेवायचं. भात निवत चालला. आमच्या पंगतीतल्या एकेकाने उठून आपल्या मनात काहीच नसल्याचं सांगितलं. कुणाच्याच मनात काही नाही, तर पंगती दोन कशा, या कोड्याने सासरे चक्रावले. मीही चक्रावलो.

शेवटी समोरच्या कातकऱ्यांच्या पंगतीतून सोनीबाई उठली. “तुमी आमाला दर साली बोलावता. आमी बोलावलं त कोन येल?”

सासऱ्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. “मी येईन.”

“गेल्या साली पन तुमी हेच बोलले.”

सासऱ्यांना काही केल्या ते आठवेना. ते खोटं बोलले नव्हते, साफ विसरले होते, आणि तेच त्यांना जास्त लागलं. पुढच्या रविवारी मला ओढतच ते विचुंब्याच्या बाजूला तिच्या झोपडीत गेले. भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. पहिल्याच घासाला त्यांचा चेहरा बदलला, पण म्हणाले, छान झालंय.

“खोटं नका बोलू, बाबा. मीठ जास्ती पडलाय.”

त्यांनी ते कबूल केलं आणि आणखी वाढून घेतलं. हा समेट झाला की नुसतंच जेवण, मला काही उमगेना. परतताना ते म्हणाले, “जावईबापू, मला वाटायचं, खरं बोलणारा मी.”

ते गेले तेव्हा मातीला सोनीबाई आली. काहींनी तिला वाट दिली, काहींनी दिली नाही. कुणाकडे न बघता ती पुढे गेली, मूठभर माती टाकली आणि माझ्या सासूबाईंना खेटून बसली. तिला उठायला सांगावं की काय, कुणालाच कळेना. मग कुणी सांगितलंच नाही.