घरच्या माणसाचं माप

आमच्या नाटक कंपनीत राजाचं सिंहासन लोखंडाचं होतं. ते जोडणाऱ्या माणसाने माझी मांडी, पोटरी, कोपर असं सगळं मोजून ते इतकं बेतून बसवलं, की माझ्या जागी दुसरा नट बसला तेव्हा बिचाऱ्याचे पाय तीन अंक लोंबकळत होते. त्या माणसाला आम्ही काटकोन म्हणायचो. कंपनी बुडाली. मी घरी बसलो आणि काटकोन सायकलींच्या फ्रेम करू लागला.

साध्यासुध्या नव्हेत. वाकड्या हँडलच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या, पोलादी नळ्यांच्या. गिऱ्हाईक आलं की आधी भिंतीला टेकवून उभं करायचं, पाय मोजायचा, हात मोजायचा, मग नळ्या कापायच्या, कानशीने घासायच्या आणि पितळ वितळवून सांधे भरायचे. सांधा असा, की बोट फिरवलं तरी लागू नये.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र तीस वर्षं गिऱ्हाइकांनी न नेलेल्या सायकली चालवत होत्या. त्यांच्या मैत्रिणींनी तळ्यापर्यंत सायकलवर जायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "महिन्याभरात माझ्या मापाची सायकल हवी. नाहीतर दुकानातून तयार आणेन."

तयार! काटकोनाच्या घरात! त्याचा चेहरा पांढराफटक पडला. धावत जाऊन टेप आणली.

"टेप कशाला?" वहिनी कडाडल्या. "त्या बँकेतल्या कारकुनाचा गुडघा तुम्हाला तोंडपाठ आहे, आणि बायकोला मोजावं लागतं?"

टेप खिशात गेली. आता माप घ्यायचं कसं? काटकोन माझ्याकडे आला. "महाराज, तुम्ही फक्त पहारा द्या."

वहिनी बाजारात गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. सर्वांत वरच्या फळीवरचा चहाचा डबा त्या रोज काढतात, म्हणजे हात तिथे पोचतो. काटकोनाने जमिनीपासून फळी मोजली. मग दोरीवर वाळत घातलेल्या त्यांच्या पँटला टेप लावली.

शेजारीण गॅलरीत आली. "काही हरवलंय का?"

"बायकोचे पाय," काटकोन तंद्रीत म्हणाला.

आकडेमोड झाली. त्या हिशेबाने वहिनींचे हात गुडघ्याखाली येत होते.

"अरे, जरा जास्तच नाही का वाटत?" मी म्हणालो.

"टेप खोटं बोलत नाही, महाराज."

तळ्याच्या सहलीला चार दिवस उरले असताना त्याने वहिनींना कारखान्यात बोलावलं आणि चादर ओढली. खरं सांगतो, मी इतके पडदे वर जाताना पाहिले, पण छाती अशी कधी धडधडली नव्हती. वहिनी हरखल्या. आम्ही दोघांनी धरून त्यांना सीटवर चढवलं. पाय पेडलच्या वर हवेत. हात पुढे केले, तर हँडल आणखी वीतभर लांब.

"अहो," वहिनी वरूनच म्हणाल्या, "ही कोण बाई आहे?"

काटकोनाने मान खाली घालून फळीचं आणि पँटचं सांगून टाकलं.

"मी स्टुलावर चढते डबा काढायला! आणि पँट खालून तीनदा दुमडते! तीस वर्षांत हे दिसलं नाही तुम्हाला?"

"स्टूल दिसलं गं," तो पुटपुटला. "त्याचा एक पाय आखूड आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "आणि भावजी, तुम्ही काय करत होता?"

"पहारा," मी म्हणालो.

हसू आधी त्यांनाच फुटलं, इतकं, की खाली उतरवताना आमची पंचाईत झाली. उतरल्यावर पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या.

"घ्या माप. चुकलात तर दुकान उघडं आहे."

त्याने सात वेळा मोजलं. मग करवत घेतली आणि स्वतःच भरलेले सांधे स्वतःच कापले. प्रत्येक सांध्याला बिचारा डोळे मिटत होता.

सहलीच्या दिवशी रंग द्यायला वेळच उरला नव्हता. वहिनी नागव्या पोलादाच्या, कानशीचे ओरखडे मिरवणाऱ्या सायकलवरून निघाल्या. पाय पुरते पोचत होते. तळ्याकाठी एका मैत्रिणीने विचारलं, "कुठून गं आणलीस?"

"आमच्या घरातच एक माणूस करतो," वहिनी म्हणाल्या. "माप तेवढं उभं राहून द्यावं लागतं."