मंडईतली फॉकलंडची लढाई

सातवीत शाळा सोडली तेव्हा मला खाडीपलीकडचं गावसुद्धा परदेश वाटायचं. पुढे आमच्या कोकणात रेल्वेचा मार्ग टाकायचं काम निघालं. त्या कामावर विदर्भातून आलेला एक मुकादम आमच्या आळीत भाड्याने राहिला, आणि त्याच्याशी लग्न होऊन मी थेट गोंदिया जिल्ह्यात, सौंदडजवळच्या एका खेड्यात येऊन पोचले.

इथेही भातच पिकतो, एवढा एक धीर होता. पण इथे भात म्हणजे ताटातला. शेतातला तो धान. आमचा तरवा, म्हणजे भाताची रोपं, इथे पऱ्हे, आमची लावणी इथे रोवणा. चिखलात हात बरोबर चालायचे, तोंड मात्र अडखळायचं. बोअरिंगवर पाणी भरताना बायका विचारायच्या, "काऊन वो, गानं म्हनल्यासारखी काऊन बोलून राह्यली?" मग मी बोलणंच कमी केलं. भांडं घासतानाही वाटायचं, आवाज जास्त तर होत नाही ना!

त्या घरात मला सांभाळून घेतलं सासऱ्यांनी. त्यांना मी मामाजी म्हणायची. मामाजी शाहीर होते. पावसाळ्यात शेती, एरवी ओसरीवर बसून बिड्या वळायच्या, आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागली की डफ काखेत मारून निघायचं. मंडई म्हणजे इकडची जत्रा. रात्री नाटक असतं, पण दिवसा मांडवात खडी गंमत चालते. एकाच मंचावर दोन गावांच्या दोन पार्ट्या असतात. एकीने गाऊन सवाल टाकायचा, दुसरीने आपल्या पाळीत त्याचा जवाब द्यायचा. बायकांची सोंगंही लुगडी नेसून पुरुषच घेतात. मामाजींची सुरुवात बुद्धवंदनेने व्हायची, समोरच्या पार्टीची गणाने, आणि मग दोघे एकमेकांवर असे तुटून पडायचे की नवख्याला वाटावं, आता पोलीस बोलवावे लागणार.

कारगिलच्या लढाईचं ते वर्ष होतं. मंडईला थोडे दिवस उरले असताना कमिटीचा अध्यक्ष घरी आला. तरुण पोरगा, टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा. चहा पिता पिता म्हणाला, "काकाजी, साफ सांगतो. लोकं आता बसून नाई राहत. या साली शेवटपर्यंत मांडव भरून राह्यला तं पुढच्या साली बी खडी गंमत. लोकं उठले तं दिवसाचा ऑर्केस्ट्रा. गोंदियावाल्यासंग बात झाली हाये."

मामाजी म्हणाले, "कर बापा. तुही कमिटी हाये."

तो गेल्यावर मात्र त्यांनी बिडीचं पान हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. त्यांचा डफ बापाकडून आलेला होता. गावोगावी एकदा ऑर्केस्ट्रा शिरला की डफाला खुंटीशिवाय जागा नाही, हे त्यांना कळत होतं. आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कारगिल नाई गायचं. सगळ्या पार्ट्या तेच गाऊन राहिल्या, अन् टीव्हीनं लोकायले दाखवून बी देल्लं. मी दूरची लढाई आनतो."

ती लढाई त्यांनी पूर्वी बिड्या वळता वळता रेडिओवर ऐकली होती. फॉकलंड नावाची बेटं, जगाच्या पार खालच्या टोकाला. माणसं थोडी, मेंढ्या फार. अर्जेंटिना म्हणे, आमच्या दाराशी आहेत, आमची. इंग्लंड म्हणे, आमची माणसं तिथं नांदतात, आमची. त्यासाठी इंग्लंडची जहाजं अर्धी दुनिया ओलांडून गेली, अडीच महिन्यांत लढाई संपली, आणि दोन्हीकडची पोरं थंड पाण्यात गेली. मामाजींना ती ऐकल्यापासून विसरता आली नव्हती. ते म्हणायचे, हे तर आपल्या धुऱ्याचं भांडण. धुरा म्हणजे शेताचा बांध.

समोरच्या पार्टीचे शाहीर त्यांचे जुने जोडीदार. मामाजी त्यांच्याकडे सायकलने जाऊन आले. "इंग्लंड मी घेतो, अर्जेंटिना तू घे."

"घेतो ना. मले जवळचाच देश दे," ते म्हणाले म्हणे. "दूर जायले माह्या सायकलीत हवा नाई."

तालीम ओसरीवर चालायची आणि मी आत चुलीपाशी ऐकायची. सुरुवात छान होती:

"पान्यामंदी धुरा पडला, दोघे म्हनती माझा,
पंच हो तुमी न्याव करा, कोन धुऱ्याचा राजा!"

पण चौथ्या कडव्यात उन्हाळा आला, पाणी ओसरलं आणि इंग्लंडची फौज चालत बेटावर गेली. माझा हात थांबला. मामाजींनी बेट पाहिलं होतं ते वैनगंगेतलं. उन्हाळ्यात तिथे लोक पायी जातात, रेतीत डांगरं-टरबुजं लावतात. आता सासऱ्यांना कसं सांगायचं? मी भीत भीत सासूबाईंच्या कानात सांगितलं, आणि त्यांनी तिथूनच हाक मारली, "अवो, आयकलं काय! सून म्हनते समुद्र आटत नाई!"

डफ थांबला. मामाजी दारात आले. "आटत नाई? उन्हाळ्यात बी?"

"नाय मामाजी."

"वैनगंगा आटते."

"समुद्र नाय आटत. रोज वरखाली होतो, पण आटत नाय."

त्यांनी डफ उंबऱ्यावर टेकवला. मग अगदी मनापासून म्हणाले, "मंग येवढ्या पान्याचं लोकं करतेत काय?"

त्या घरात मी मोठ्याने हसले ती पहिल्यांदा. कडवं बदललं. त्यानंतर तालमीआधी मला ओसरीवर बोलावणं येऊ लागलं. लाट कशी असते, होडी कशी कलते, पाण्याचा वास कसा? मी सांगायची, मामाजींच्या मागे सूर धरणारे झीलकरी ऐकायचे, आणि माझ्या बोलण्याला कोणी गाणं म्हणालं नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी मांडव भरला. पहिल्या पाळ्या झकास झाल्या. मेंढी झालेल्या सोंगाड्याने दोन्ही देशांना शिंगं मारली, लोक लोळले. पण पुढे जहाजांची आणि विमानांची कडवी आली आणि मागच्या रांगा पातळ होऊ लागल्या. आकाशपाळण्याकडे पोरं पळाली, चहाकडे माणसं. अध्यक्ष खांबाला टेकून मागे पाहत होता. मामाजींनाही ते मंचावरून दिसत होतं. त्यांचा आवाज चढत चालला, फाटत चालला.

तेवढ्यात समोरच्या शाहिरांनी सवाल टाकला. "शाहीर, घडीभर झाली तुमी समुद्र गाऊन राहिले. मी इचारतो, तुमी समुद्र पाह्यला काय?"

मामाजी म्हणाले, "नाई पाह्यला."

मांडव हसला. "तुमी पाह्यला काय?" मामाजींनी विचारलं.

"म्या बी नाई पाह्यला. म्हनून तं म्या तलावावरच भागवलं!"

आणखी हसू. पण हे हसू उठून जायच्या आधीचं होतं. लोक चपला शोधू लागले. सासूबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "आमची सून समुद्राची हाये! तिले इचारा!"

मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मला ढकललं. "जा ना वो. तुहा समुद्र तूच सांगजो."

मंचाच्या पायऱ्या मी कशा चढले ते आठवत नाही. त्या मंचावर लुगडं नेसलेली खरी बाई पहिल्यांदाच चढली होती. मेंढीने बाजूला सरकून मला जागा दिली. मामाजी हळूच म्हणाले, "वसरीवर बसली हायेस असं समज."

समोरच्या शाहिरांनी हात जोडले. "बाई, किती पानी असते?"

"पल्याडचा काठ दिसत नाय," मी म्हणाले. "बघावं तिकडे पाणीच."

खालून एक म्हातारा उठला. "मंग तं धान मायंदाळ होत असंल!"

"नाय हो आजोबा. खारट असतं. पिता येत नाय, शेताला देता येत नाय. आमच्याकडे उधाणाला बांध फुटून ते पाणी शेतात शिरलं, तर पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात दाणा होत नाय."

मांडवात चुकचुक झाली. धान पिकवणाऱ्यांना बंदुकीपेक्षा ते जास्त लागलं. चहाकडे निघालेले थांबून ऐकू लागले. म्हातारा चिडलाच. "दाना नाई होत, तं भांडले कायले?"

मला माहीत होतं ते सांगितलं. "ते मला नाय कळत. आमच्याकडे होडी वेळेवर आली नाय की बायका किनाऱ्यावर जाऊन बसतात. कोणी रडत नाय. रडलं म्हणजे माणूस गेला, असं होईल म्हणून जाळी विणत बसतात. माझे वडील आले नव्हते तेव्हा माझी आईपण बसली होती. ते आले. सगळ्यांचे नाय येत. त्या दोन्ही देशांतल्या बायका पण बसल्या असतील. किनारा कुठल्याही देशाचा असो, बसायचं तसंच."

समोरच्या शाहिरांची पाळी होती. त्यांनी सवाल टाकला नाही. अर्जेंटिनाची आई उभी केली, जाळं विणणारी, तिथल्या तिथे रचून. मामाजींनी इंग्लंडची आई उभी केली. मग दोघे एकमेकांच्या कडव्यांना झील देऊ लागले, जे खडी गंमतीत कोणी करत नाही. पण म्हातारा काही सोडेना. "अजी, पन बेट कोनाचं?" तो दर कडव्याला विचारायचा, आणि मांडव त्याला "बस ना बुढ्या!" म्हणायचा. ऊन उतरलं तरी कोणी हललं नाही.

डफ उतरवल्यावर अध्यक्ष मंचामागे आला. "काकाजी, पुढच्या साली तुमीच. पन सुनबाईले आनजा."

मामाजींचा आवाज पार बसला होता. घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "मले कायले सांगतं? तिले इचार."

नवरा समोर होता, सासूबाई होत्या, अर्धं गाव होतं. मी कोणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही.

"येईन," मी म्हणाले.