फलकात न मावलेल्या ओळी

ताईच्या भावाला कात्रणांचा भारी सोस. तो इमारतीचा सेक्रेटरी होता आणि जिन्यापाशी टांगलेला काचेचा छोटा फलक ही त्याची गादी. रोज सकाळी पेपर उघडायचा, ताईची शिवणकामाची कात्री न विचारता उचलायची आणि रहिवाशांना सावध करील अशी बातमी कापून फलकात लावायची. कागद कापून कात्रीची धार जाते, हे तिने दोनदा सांगून पाहिलं. समाजकार्यात कात्रीचं काय घेऊन बसलीस, असं उत्तर मिळालं.

फलक लहान, म्हणून तो मथळा, फोटो आणि पहिल्या चार ओळी ठेवायचा. उरलेलं टोपलीत. केर ताई काढायची. बातमीचा खालचा भाग वाचणारी त्या अख्ख्या इमारतीत ती एकटीच.

सहा वर्षांपूर्वी ती पाच महिने मनोरुग्णालयात होती. आता बरी होती. दिवसाला एक गोळी, बाकी मशीनवर काम. पण तिच्या खोलीची आतली कडी भावाने तेव्हा काढली ती काढलीच. शेजाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की सेक्रेटरींची बहीण जरा अबोल आहे.

मग तळमजल्यावरची रिकामी जागा एका संस्थेने मागितली. उपचार होऊन बऱ्या झालेल्या आठ बायका तिथे राहणार, शिवणकाम करणार. ताईने घरात न सांगता अर्ज भरला. संस्थेच्या बाईंना तिने एकच विचारलं, खोलीला आतून कडी असते ना? असते, म्हणाल्या.

भावाची कात्री आता थांबेना. ‘मनोरुग्णाचा शेजाऱ्यावर हल्ला’. ‘वेडसर महिलेच्या घराला आग’. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांना नातवंडांची काळजी वाटू लागली. त्यांना पेपरात वाचल्याशिवाय कसलीच काळजी वाटत नसे. टोपलीत मात्र पडलं होतं की हल्लेखोर दारू प्यायलेला होता आणि त्याला कुठलाही आजार असल्याची नोंद नव्हती. आग वायरिंगमुळे लागली होती. त्या बाईचा गुन्हा एवढाच, की ती तिथे राहत होती. ताईने दोन्ही तुकडे टाचण्यांच्या डबीत ठेवले.

संस्थेला जागा द्यायच्या ठरावासाठी गच्चीवर सभा भरली. भावाने मुद्दाम त्याच पेपरचा वार्ताहर बोलावला, आपलं नाव छापून यावं म्हणून. वीस मिनिटं बोलला. मास्तरांनी त्या बायकांविषयी सहानुभूती व्यक्त केली, अर्थात त्या लांब राहतील तर.

ताई उठली. हात उंच धरून तिने दोन्ही तुकडे वाचले. कुणी मोबाइलमधून मान वर केली नाही. तेव्हा ती म्हणाली, “मास्तर, सहा वर्षं तुमच्या पँटी एक वेडी बाई शिवतेय. एकदा तरी टाका उसवला?”

भाऊ ताडकन उठला. “ताई, खाली बस. गोळी घेतलीस का आज?”

आता मोबाइलमधल्या सगळ्या माना वर आल्या. आपण काय बोलून बसलो, ते त्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं. ठराव पडला. वार्ताहर मान खाली घालून लिहीतच होता.

दुसऱ्या दिवशी मथळा आला: ‘सेक्रेटरीने सहा वर्षे घरात दडवली मनोरुग्ण बहीण’. फोटोत ताईचा हात उगारलेला दिसत होता. हातातला कागद कापला गेला होता.

त्या सकाळी भावाने कात्री मागितली नाही. पेपर मांडीवर घेऊन बसून राहिला. “दडवली म्हणे. तुला डॉक्टरांकडे कोण नेत होतं, हे नको का छापायला?”

“छापलंय की,” ताई म्हणाली. “खाली, सातव्या ओळीत.”

तिने पेपर त्याच्या मांडीवरून उचलला. मथळा, फोटो आणि पहिल्या चार ओळी, कापडाला लावतात तशी पट्टी लावून सरळ कापल्या. उरलेलं टोपलीत टाकलं आणि जिना उतरून कात्रण फलकात लावलं.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कडी आणली. पेचकस मास्तरांकडे मागितला. त्यांनी दिला, पण दार अर्धंच उघडून, हात लांब करून.

कुणाला विचारून लावतेस, असं भाऊ खोलीच्या दाराशी उभा राहून विचारत होता. तिने शेवटचा स्क्रू पिळला, त्याला जरा मागे सरकायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.