नागोयाकाकांचा ग्लास

नागोयाकाकांनी स्वतःच्या ग्लासात स्वतः बिअर ओतलेली मी कधी पाहिली नाही. माणूस मूळचा चिंचवडचा, पण गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात जपानमधल्या नागोयाला उमेदीची सगळी वर्षं काढून पन्नाशीनंतर स्टुटगार्टला आलेला. पिण्याची रीत त्यांनी तिकडून आणली होती. आपण शेजाऱ्याचा ग्लास भरायचा, शेजाऱ्यानं आपला. बाटली धरायची ती दोन्ही हातांनी.

"आणि शेजाऱ्याचं लक्षच नसलं तर?" मी एकदा विचारलं.

"मग थांबायचं. बघतो कुणीतरी."

इथे कोण बघणार? जर्मन माणूस डोळ्यांत डोळे घालून 'प्रोस्ट' म्हणतो आणि आपली बाटली आपण संपवतो. काकांचा रिकामा ग्लास पाहून लोकांना वाटायचं, यांचं झालं. कुणी भला माणूस तो उचलून धुवायलाही नेई. काका कमरेत वाकून त्याचे आभार मानत. मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला त्या उन्हाळ्यात आम्ही पीएचडीवाले आमच्या वसतिगृहाच्या अंगणात पडदा लावून सामने बघायचो. वरच्या चढावर एकटे राहणाऱ्या काकांनी बिअरचा पुरवठा आपणहून अंगावर घेतला. रविवारी दुकानं बंद असतात, हे आम्ही शहाणे दर रविवारी नव्यानं शिकायचो. काका शनिवारीच क्रेट आणून तळघरात ठेवत आणि सामन्याआधी न्हाणीघरातल्या टबात गार पाणी सोडून बाटल्या बुडवत. गोल झाला की आम्ही नाचत सुटायचो, तेव्हा काका कुणाचा ग्लास रिकामा आहे ते बघत फिरायचे. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. माणसांत बसायला मिळायचं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

"आल्झो, तर मग, शनिवारी ओंकार येतोय," एके दिवशी ते म्हणाले. ओंकार त्यांचा मुलगा. आईवडील वेगळे झाल्यावर आई त्याला घेऊन जर्मनीला आली, तो इथेच वाढला, आता बाड हॉम्बुर्गला नोकरीत होता. मराठी त्याला समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. काका या देशात आले होते ते त्याच्यासाठी, आणि तो अजून एकदाही फिरकला नव्हता. त्या शनिवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुपारपासून शेजारची खुर्ची धरून ठेवली. कुणी बसायला आलं की गडी चक्क भांडत होता.

ओंकार आला. चांगला होता मुलगा, सगळ्यांशी हात मिळवले त्यानं. काकांनी दोन्ही हातांनी बाटली धरून त्याचा ग्लास काठोकाठ भरला. "डांके, पापा," म्हणत तो पिऊ लागला. काका स्वतःचा रिकामा ग्लास पुढ्यात ठेवून बसले. सामना कुणी जिंकला ते मला आठवत नाही, मी त्या ग्लासाकडेच बघत होतो.

मध्यंतराला ओंकारनं बाटलीला हात घातला. काका खुर्चीत जरासे पुढे सरकले. त्यानं आपला ग्लास भरला आणि बाटली खाली ठेवली.

"पापा, ट्रिंक्स्ट डू निश्ट?" पीत नाही का, एवढं त्यानं विचारलं, अगदी मनापासून.

"तहान नाही रे."

मला राहवेना. बाटली घेऊन मी पुढे झालो, तर काकांनी ग्लासवर तळवा ठेवला. "तू नको," हळूच म्हणाले.

हिवाळ्यात ते नागोयाला परत गेले. जुन्या कंपनीनं बोलावलं होतं. मी त्यांना एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. ओंकारला कामातून जमलं नव्हतं. प्लॅटफॉर्मवर मी बोलून गेलो, "काका, त्याला नुसतं सांगितलं असतंत तरी त्यानं आनंदानं ओतली असती."

"गेनाऊ, अगदी बरोबर, ओतली असती. गुणी आहे तो." त्यांनी मफलर उगाच सारखा केला. "पण हे काय सांगायचं असतं? लहानपणी जेवताना शेजारी बसवून, पाण्याच्या तांब्यापासून शिकवायचं असतं ते. तेव्हा मी तिकडे लोकांचे ग्लास भरत होतो."